कोकणातली जुनी गावं आणि किल्ले: गाईड कुठे घ्यावा, कुठे नको, आणि चांगला माणूस शोधावा कसा

कोकणच्या किनाऱ्यावर गाईड घ्यायचा की नाही, हा प्रश्न बहुतेकांना धक्क्यावर उभं असताना पडतो. होडी सुटायला आलेली असते, मुलांना तहान लागलेली असते आणि समोरून कुणीतरी विचारतं, "गाईड पायजे काय?" मग चेहरा बघून किंवा आकडा ऐकून आपण हो नाहीतर नाही म्हणून टाकतो. खरं तर हे घरूनच ठरवून निघायला हवं, कारण चांगला माणूस धक्क्यावर क्वचितच रिकामा उभा असतो.

माझं मत आधीच सांगते. जिथे तिकीटघर नाही, माहितीची पाटी नाही आणि इतिहास लोकांच्या परसात, आगरात, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पडलेला आहे, तिथे स्थानिक माणूस हवाच. नावाजलेल्या किल्ल्यावर मात्र थोडी तयारी करून गेलात तर बरेचदा त्याच्यावाचून चालतं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. जंजिऱ्यावर सगळे गाईड घेतात आणि चौल-रेवदंड्यातून गाडी न थांबवता पुढे जातात.

पहिली पायरी: जागा कोणत्या जातीची आहे ते ओळखा

यादीतल्या प्रत्येक ठिकाणाबद्दल एकच प्रश्न विचारा: मी एकटी गेले तर माझ्या डोळ्यांना काय दिसणार नाही?

बोटीने जायचे किल्ले घ्या. मुरुडजवळच्या जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्यावर मिळणारा वेळ होडीवाला ठरवतो आणि तो कमीच असतो. एवढ्या वेळात तटावरून फिरायचं, कलालबांगडी तोफ बघायची, गोड्या पाण्याचा तलाव आणि सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले पाहायचे, तर वाट चुकून चालत नाही. इथे गाईड घ्यायचा तो वेळ वाचवायला. होडीवरचाच एखादा माणूस ते काम करतो. त्याच्याकडून तोफेचं वजन आणि पल्ला ऐकण्यात वेळ घालवू नका, ते आकडे होडीगणिक बदलतात. त्याला दरवाजाजवळच्या शिल्पापाशी थांबायला सांगा. पंजात आणि शेपटीत हत्ती धरलेला तो पशू बहुतेक लोक गर्दीच्या रेट्यात न बघताच आत शिरतात.

मालवणचा सिंधुदुर्ग थोडा वेगळा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. तिथले वाटाडे त्याच वस्तीतले असतील तर जरूर घ्या. तटबंदीत घुमटीखाली जपलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी हे सगळं एकट्यालाही सापडतं. पण पावसात होड्या बंद असताना आत राहणारी माणसं काय करतात, कोणत्या विहिरीचं पाणी केव्हा काढतात, हे तिथे राहणारा माणूसच सांगू शकतो. मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा मात्र कुणालाही विचारून स्वतः बघून या. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा तिथे झाली, आणि होडीच्या घाईत तोच राहून जातो.

दुसरी जात संग्रहालयं आणि वाड्यांची. रत्नागिरीचा थिबा पॅलेस, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, सावंतवाडीचा राजवाडा आणि तिथले गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. इथे गाईड नको. देखरेखीचे लोक असतात, विचारलं की सांगतात. ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१० मध्ये थिबा पॅलेसात राहायला आला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला, एवढं वाचून गेलात तरी खोल्या बोलू लागतात. त्याची समाधी शहरात वेगळ्या ठिकाणी आहे, ती रिक्षावाल्याला विचारा.

तिसरी जात नांदत्या देवळांची. दाभोळच्या चंडिकेचं देऊळ गुहेत आहे, आत समईच्या उजेडात जायचं. तिथे गुरव आणि गावकरी हेच मार्गदर्शक. पैसे देऊन आणलेला माणूस गाभाऱ्यात बडबड करत असेल तर तो नसलेलाच बरा.

चौथी जात म्हणजे अख्खं गावच अवशेष असतं ती, आणि या लेखाचा खरा विषय तीच आहे. अलिबाग-मुरुड रस्त्यावरचं रेवदंडा बघा. पोर्तुगीजांची तटबंदी, चर्चच्या भिंती, सातखणी मनोरा हे सगळं नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेलं आहे. वाट कुणाच्या तरी बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून जाते, दगडी गडगा ओलांडून जाते, विहिरीच्या रहाटाजवळून जाते. नकाशात बाण दिसतो, पण बेडं उघडायचं की नाही ते नकाशा सांगत नाही. शेजारच्या चौलमध्ये १५०८ साली पोर्तुगीज आणि त्यांच्या विरोधकांची मोठी सागरी लढाई झाली. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला, रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रामेश्वर आणि हिंगलाजची देवळं, हमामखाना हे सगळं एका दिवसात सलग लावायचं तर गावातला माणूस लागतो. वसईच्या किल्ल्यातही तसंच. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतलेला हा किल्ला एवढा पसरलाय की कोणतं चर्च कोणत्या पंथाचं आणि फरशीतल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरं काय म्हणतात, हे सांगणारा नसेल तर सगळ्या भिंती सारख्याच वाटतात.

पाचवी जात कातळशिल्पांची, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांची. इथे गाईड घ्यावा का, हा प्रश्नच नाही. घ्याच. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गात कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. काहींना कठडा झालाय, पण सड्यावर अजूनही कित्येक चित्रं उघडीच आहेत. सकाळी ऊन तिरकं असताना वाटाड्या खराट्याने पातेरा आणि माती बाजूला लोटतो. आधी नुसता खडबडीत जांभा, मग बोटभर रुंदीची एक रेघ दिसते. ती रेघ पुढे वळते, आणि तो म्हणतो, "आता मागे सरा, तुम्ही हत्तीच्या पोटावर उभे आहात." कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या अंगात इतर प्राण्यांची चित्रं मावली आहेत. उभ्या माणसाला तो एका नजरेत दिसत नाही, कुठून बघायचा ती जागा दाखवावी लागते. भर दुपारी याच ठिकाणी गेलात तर काळ्या कातळाशिवाय काही हाती लागत नाही. पाऊल कुठे टाकायचं नाही हे सांगणाराही सोबत हवाच. रेघांत खडू किंवा पाणी भरून फोटो काढायला सांगणारा भेटला तर त्याला तिथेच थांबवा.

दुसरी पायरी: पंचांग आणि घड्याळ

किनाऱ्यावर वेळापत्रक समुद्र ठरवतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. कोकणात भरतीचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तिनाच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. मात्र अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे हटत नाही आणि वाटेत गुडघाभर तरी राहू शकतं. पौर्णिमा-अमावास्येजवळच्या उधाणाच्या दिवसांत पाणी चांगलं हटतं, पण परत येतंही तितक्याच जोरात. हा हिशोब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं तयार कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारून खात्री करा.

हा हिशोब जमला तर कुलाब्यासाठी गाईड लागत नाही. चुना न वापरता नुसते प्रचंड दगड एकावर एक रचलेला तट आणि आतलं रघुजी आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ स्वतः बघता येतं. हिशोब जमत नसेल, सोबत वयस्कर माणसं असतील, तर पाण्याची जाण असलेला स्थानिक माणूस घ्या. त्याने इतिहासातलं एक अक्षर सांगितलं नाही तरी चालेल.

तिसरी पायरी: सोबत कोण आहे

लहान मुलं असतील तर माणूस गोष्टीवेल्हाळ हवा आणि फेरी दीड-दोन तासांची. आजी-आजोबा असतील तर पायऱ्या, सावली, बसायची जागा आणि शौचालय कुठे आहे हे माहीत असलेला माणूस सगळ्या सनावळ्यांपेक्षा उपयोगी. बाईमाणूस एकटी फिरणार असेल तर सड्यावर जाण्याआधी जिथे उतरलात त्या घरच्या काकूंना कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत, हे सांगून निघा. शक्य असेल तर वाटाड्याही त्यांच्याच ओळखीचा घ्या. सड्यावर फोनला रेंज नसते.

चौथी पायरी: तासभर वाचा, मग प्रश्न लिहा

तासभर वाचून झाल्यावर मनात उरलेले तीन प्रश्न कागदावर लिहा. प्रश्न "कुणी बांधला, कधी बांधला" असे असतील तर त्यांची उत्तरं तुम्ही वाचलेल्यातच आहेत, गाईडचे पैसे वाचवा. "हे गाव तटाच्या आत कसं राहतं", "ही गोदी कुठे होती", "या दगडावर लोक अजून नारळ का ठेवतात" असे प्रश्न असतील तर माणूस शोधा.

विजयदुर्गचंच उदाहरण घ्या. किल्ल्यापर्यंत गाडी जाते. तिहेरी तटबंदी, शिवरायांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतल्याचा इतिहास, १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा केलेला पाडाव हे वाचून एकट्याने आरामात फिरता येतं. पण आरमाराची जहाजं जिथे दुरुस्त होत ती खडकात खोदलेली गोदी शेजारच्या गिर्ये गावाकडे, खाडीत आहे. रामेश्वराच्या देवळाकडे उतरणारी कातळ फोडून केलेली वाटही तिकडेच. किल्ला बघून परत फिरणाऱ्यांना याचा पत्ता नसतो. तेव्हा इथे गाईड घ्यायचा तो गिर्येसाठी. किल्ला तुम्ही तुमचा बघा.

पाचवी पायरी: माणूस शोधा

राहण्याची घरगुती सोय जिथे केली असेल तिथल्या यजमानांना निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करा. "गाईड आहे का" असं विचारलंत तर ते होडीवाल्याचा नंबर देतील. "गावातली जुनी माहिती कुणाला आहे, आणि चालत दाखवेल असं कोण आहे" असं विचारा. मग निवृत्त मास्तर, वाचनालयाचे ग्रंथपाल, देवस्थानचे मानकरी, आंब्याच्या बागेत काम करणारा आणि सड्याची प्रत्येक वाट पायाखाली घातलेला एखादा तरुण अशी नावं पुढे येतात. ग्रामपंचायतीत विचारलं तरी चालतं. कातळशिल्पांसाठी तर त्या गावातलाच माणूस घ्यावा. चित्रं त्यांच्या जमिनीत आहेत, आणि त्यातून चार पैसे गावात राहिले तर ती राखली जातील. चिऱ्याच्या खाणी सड्यावर सगळीकडे पसरत असताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

केंद्राच्या किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचं प्रशिक्षण घेतलेले, ओळखपत्र असलेले गाईडही असतात. मोठ्या गटासाठी, परदेशी पाहुण्यांसाठी ते सोयीचे. खेड्यात मात्र ओळखपत्र नाही म्हणून कुणाला नाकारू नका. गाव ओळखणाऱ्या बऱ्याच माणसांकडे ते कधीच नसतं. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले. त्यांत किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. तिथे पाठांतर करून उभे राहणारे वाढणार हे उघड आहे, म्हणून पुढची पायरी टाळू नका.

सहावी पायरी: आधी पाच मिनिटं बोला

उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असा एक प्रश्न विचारा. परीक्षा घेण्याच्या सुरात नको, गप्पांत विचारा. विजयदुर्गला "हेलियमचा शोध इथे लागला म्हणतात ना?" असं विचारून बघा. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला, असं सर्रास सांगतात. ते ग्रहण खरं आहे आणि त्याचा खग्रास पट्टा याच भागातून गेला. पण हेलियमच्या शोधात ज्याचं नाव घेतात त्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने ते गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरने आपली निरीक्षणं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून केली. तो ग्रहण बघायला हिंदुस्थानात आला १८७१ साली, तोही केरळात बेकलला. "लोक असं सांगतात, पण तो माणूस तेव्हा इथे नव्हता म्हणे," असं म्हणणारा गाईड भेटला तर त्याला हातचा सोडू नका. ठासून दंतकथा सांगणारा लगेच वाईट ठरत नाही, पण त्याच्याकडून वाटा बघा आणि सनावळ्या सोडून द्या.

दुसरा प्रश्न भुयाराचा. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक किल्ल्याला समुद्राखालून दूरवर जाणारं भुयार सांगतात. "तुम्ही आत किती लांब गेलात?" असं विचारा. "तोंडापर्यंतच गेलोय, पुढे बुजलंय" असं उत्तर देणारा प्रामाणिक.

तिसरा प्रश्न मुरुडसाठी: "खोकरीच्या घुमटांना न्याल का?" जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दींच्या त्या कबरी राजपुरीपासून जवळ आहेत आणि बांधणी सुरेख आहे, पण कुणी फिरकत नाही. सिद्दी म्हणजे फक्त शत्रू एवढंच ज्याला सांगता येतं, त्याला हे घुमट माहीत नसतात. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी इथे राज्य कसं उभं केलं, संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडी बुजवायचा प्रयत्न का केला, समोर पद्मदुर्ग हा मराठ्यांचा जलदुर्ग कशासाठी उठला, या सगळ्याची दोन्ही बाजूंनी गोष्ट सांगणारा माणूस मिळाला तर जंजिरा वेगळाच दिसतो.

सातवी पायरी: पैशाचं आधी, स्पष्ट

ठरावीक दरपत्रक बहुतेक ठिकाणी नसतं. पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, किती तास, कोणकोणती ठिकाणं, होडीचं भाडं आणि तिकीट धरून की वेगळं, हे चारही फोनवर बोलून घ्या. निवृत्त मास्तर "पैसे कसले" म्हणतील. त्यांना निघताना पाकीट द्या, नाहीच घेतलं तर शाळेला किंवा वाचनालयाला त्यांच्या नावाने पावती करा. तरुण वाटाड्याशी घासाघीस करू नका, त्याची त्या दिवसाची बागेतली मजुरी बुडालेली असते. भर हंगामात, दिवाळी-नाताळच्या सुट्टीत, आगाऊ थोडे पाठवून वेळ पक्की करा.

आठवी पायरी: बरोबर चालताना

सुरुवातीलाच सांगा की घाई नाही, आणि कमी ठिकाणं झाली तरी चालतील. तो मालवणीत बोलत असेल तर मालवणीतच बोलू द्या, शुद्ध बोलायच्या धडपडीत माणूस आखडतो. नवीन काही सांगितलं की "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असं प्रेमाने विचारा. आजोबांनी सांगितलेलं, पुस्तकात वाचलेलं आणि दुसऱ्या गाईडकडून ऐकलेलं ही तीन वेगळी उत्तरं आहेत, तिन्हींचं मोल वेगळं. त्याचं सांगणं आवडत नसेल तर "दादा, थोडा वेळ शांत बसून बघतो" म्हटलं की कुणी रागावत नाही.

कोर्लईला विशेष जपा. किल्ल्याखालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घरात बोलतात. दारात जाऊन "तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा" म्हणणं हा उद्धटपणा आहे. गावातलं कुणी सोबत असेल, ओळख निघाली, ओसरीवर बसायला सांगितलं, तर ती बोली आपोआप कानावर येते. नाही आली तर किल्ला आणि दीपगृह बघून परतायचं.

गाईड न घेता निघालात तर

मोठ्या तुकड्यात बघू नका. दाभोळला जा, खाडीकाठच्या जुन्या मशिदीपाशी बसा, मग फेरीबोटीने धोपाव्याला उतरा आणि पाण्यावरून बंदराकडे मागे वळून बघा. एकेकाळी जहाजं का यायची ते कळायला तेवढं पुरतं. वेंगुर्ल्याची डच वखार अर्ध्या तासात होते. वाडीत शिरण्याआधी बेड्यापाशी उभं राहून हाक मारा. आजी बाहेर आल्या तर कुठून आलात ते सांगा, मग अवशेषांची वाट विचारा. बऱ्याचदा त्या स्वतःच चप्पल घालून पुढे चालू लागतात. अशा वेळी पैसे पुढे करू नका. त्यांच्याकडची आमसुलं, फणसपोळी, कुळीथपीठ, जे विकायला असेल ते सांगतील त्या भावाने घ्या.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, सड्यावरची चित्रं गवतात आणि पाण्यात जातात, जांभ्याच्या पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, शेवाळ धरतं. त्या महिन्यांत रेवदंडा, वसई, विजयदुर्ग अशी जमिनीवरची ठिकाणं घ्या आणि चालायला गावातला माणूस सोबत ठेवा. कोणत्या पायरीवरून पाय घसरतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं. कातळशिल्पांसाठी गवत सुकल्यावर, थंडीत या, आणि वाटाड्याला आदल्या रात्री फोन करून सकाळी उजाडतानाची वेळ ठरवा.